बीज कुठलं, ते आधी विचारा : वलवणच्या महसीर माशाची गोष्ट



भाताची पेरणी जवळ आली की आपण पहिलं काय विचारतो? बी कुठलं आहे? घरचं की विकतचं, कुणाच्या खाचरातलं, गेल्या सालचं की जुनं? मावळातल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. आंबेमोहरात दुसऱ्या जातीचं मूठभर बी मिसळलं, तर लोंब्या भरताना ते लगेच नजरेला येतं. आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली 'इंद्रायणी' आला. त्याचा एक पूर्वज आंबेमोहर, म्हणूनच तो शिजताना घर दरवळतं. गुण वंशातून उतरतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

मग माशाचं बीज घेताना आपण हे का विचारत नाही? आमच्या गटाचंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही शेततळ्यात बीज सोडलं. विकणाऱ्याने सांगितलं, पिशवीत हजार बोटुकली आहे, कटला आणि रोहू. आम्ही पैसे मोजले आणि पिशवी तळ्यात सोडली. वर्षाने जाळं ओढलं, तर बरेचसे मासे वीतभरही झाले नव्हते आणि काही तर भलत्याच जातीचे निघाले. खाद्य कमी पडलं असेल, दाटी झाली असेल, ते कबूल. पण या बोटुकलीचे आईबाप कोण, किती, कुठले, हे आम्ही एका शब्दाने विचारलं नव्हतं. चूक आमचीही होती.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. तेव्हा कळलं, की या प्रश्नाची फार मोठी गोष्ट आमच्या वलवणच्या धरणाशीच घडलेली आहे. ती आज तुम्हाला सांगायची आहे.

धरण झालं आणि माशाची वाट अडली

वलवण धरणाचा पाया १९११ साली घातला गेला. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळा, वलवण आणि शिरोता इथं पाणी अडवलं आणि ते घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून वीज काढायला सुरुवात केली. आपलं हे पाणी खरं तर इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि पार पूर्वेच्या समुद्राला जायचं. आता त्यातलं पुष्कळ पाणी पाइपातून घाट उतरतं आणि पाताळगंगेतून पश्चिमेच्या समुद्राला मिळतं.

या नद्यांमध्ये महसीर मासा मुबलक होता. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा, वाहत्या आणि स्वच्छ पाण्याचा मासा. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली आणि 'खुद्री' हे इथलंच नाव त्याला दिलं. आज जगभरच्या पुस्तकांत हा मासा 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जातो. देहूला इंद्रायणीच्या डोहात लोकांनी त्याला देवमासा म्हणून जपलं.

पावसाळ्यात नदीला नवं पाणी आलं की हा मासा अंडी घालायला वर चढतो. धरणाची भिंत आली आणि ती वाट अडली. त्यात कुणी डोहात सुरुंगाची दारू फोडली, कुणी ब्लीचिंग पावडर टाकली, गावांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी नदीत आलं. मासा कमी होत गेला.

तेव्हा १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात महसीरचं बीज माणसाच्या हाताने तयार करण्याचं काम हाती घेतलं. ते राज्याच्या मत्स्य खात्यात संचालक होते. पुढे शशांक ओगले यांनी अनेक वर्षं हे काम वाढवलं. वलवणला टाटांचं मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं.

पद्धत ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. पावसाळ्यात पिकलेली मादी धरून तिचं पोट अलगद दाबायचं, की पिवळसर, जोंधळ्यासारखी अंडी भांड्यात पडतात. त्यावर नराचं रेत सोडून हलक्या हाताने मिसळायचं. मग ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. या जोडगोळीने आणखी एक युक्ती काढली. ओल्या कापसात गुंडाळली तर अंडी पाण्याशिवायही काही काळ जिवंत राहतात. त्यामुळे पाण्याचे डबे न वाहता ती विमानानेसुद्धा दूर पाठवता येऊ लागली.

झालं, वलवणचा महसीर देशभर निघाला. पन्नास वर्षांत इथली बोटुकली किती तरी राज्यांच्या नद्यांत आणि तलावांत पोहोचली. आज जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा मासा धोक्याच्या रकान्यात राहिलेला नाही. आपल्या गावाच्या नावाने घडलेलं हे मोठं काम आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही.

कावेरीत काय झालं

दक्षिणेत कावेरी नदी आहे. तिथं महसीरचीच दुसरी एक जात राहते. बैलाला जसं वशिंड असतं, तसा तिच्या पाठीला उंचवटा. पन्नास किलोच्या वरचे मासे तिथं गळाला लागल्याच्या नोंदी आहेत. हा मासा कावेरी आणि तिच्या उपनद्या सोडून जगात दुसरीकडे कुठंही नाही.

१९७० च्या दशकापासून कावेरीत महसीर वाढावा म्हणून बीज सोडलं गेलं. ते लोणावळ्याच्या वंशाचं होतं, म्हणजे निळसर पंखांचा आपला खुद्री. हेतू चांगलाच होता. महसीर कमी होतोय, म्हणून महसीर सोडू. त्या काळी कावेरीतला मासा वेगळ्या जातीचा आहे, हे नीट ठरलेलंच नव्हतं. त्याला पक्कं शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं.

कावेरीकाठच्या गालिबोर इथं गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या लोकांचा तळ होता. १९९८ ते २०१२ या काळात त्यांनी पकडलेल्या सहा हजारांहून जास्त महसीरांच्या वह्या अभ्यासकांनी तपासल्या. त्यांत दिसलं, की निळ्या पंखांचा मासा वर्षागणिक वाढत गेला आणि वशिंडाचा घटत गेला. जो काही वशिंडाचा मासा सापडत होता, तो मोठा आणि म्हातारा. पिल्लं जवळजवळ नाहीत. घरात आजीआजोबा आहेत आणि पाळणा रिकामा, असं ते घर झालं होतं. २०१५ साली अभ्यासकांनी हे छापलं. बाहेरून आणलेला मासा हे त्यांनी मोठं कारण सांगितलं. धरणं, दुष्काळ, सुरुंग ही कारणंही होतीच.

२०१८ साली वशिंडाच्या माशाचा डीएनए तपासला गेला. केरळातल्या पांबार नदीत सापडलेल्या आणि २०१० साली नाव मिळालेल्या 'टोर रेमादेवी' या जातीचाच तो निघाला. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. म्हणजे ज्याला नाव मिळायला इतकी वर्षं लागली, तो नाव मिळाल्याबरोबर संपायच्या यादीत गेला.

महसीरांची एकूण संख्या मोजली असती, तर कावेरीत सगळं छान चाललं आहे असंच दिसलं असतं. मासे तर वाढत होते! पण कुठला वाढतोय आणि कुठला जातोय, ते नुसत्या संख्येत दिसत नाही. ते वंशात दिसतं.

वंश तपासतात तो कसा

माशाच्या पंखाचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटमध्ये ठेवतात. मासा परत पाण्यात सोडता येतो. प्रयोगशाळेत त्या तुकड्यातून डीएनए काढतात. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीतली वंशाची वही. आईकडून निम्मी, बापाकडून निम्मी. यासाठी १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही सरकारी संस्था लखनौला आहे.

दोन ठिकाणच्या पुष्कळ माशांच्या वह्या शेजारी ठेवल्या, की कळतं: यांच्यात सोयरीक होते की नाही? शेकडो पिढ्यांत सोयरीक झालेली नसेल, तर वह्यांमध्ये फरक साठत जातो. मग जात एकच असली तरी ती दोन वेगळी घराणी आहेत असं समजायचं.

आपल्याकडचंच बघा. सह्याद्रीच्या पूर्वेला इंद्रायणी. पश्चिमेला महाडजवळ सावित्रीच्या खोऱ्यात वाळणकोंड आहे, तिथं वरदायिनी देवीच्या डोहात महसीर जपलेत. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशी वैतरणा नदीतही महसीर आहेत. भाविक त्यांना चुरमुरे घालतात आणि कुणी मारत नाही. या डोहांच्या आणि इंद्रायणीच्या मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. गोड्या पाण्याचा मासा डोंगर ओलांडत नाही की समुद्रातून वळसा घालत नाही. म्हणून एका नदीचं बीज उचलून दुसऱ्या नदीत टाकण्याआधी पंखाचा तुकडा तपासायला हवा. देवाच्या डोहातला मासा हा त्या नदीचा जुना, खात्रीचा बियाणं-साठा आहे. आपल्या आज्यापणज्यांनी तो भक्तीने राखला. आता तो मिसळू न देणं आपल्याकडे आलं आहे.

आईबाप किती, हाही प्रश्न आहे

आता दुसरा धोका. समजा एका बीज केंद्रात ४० माद्या आहेत आणि नर फक्त २. बीज तर लाखांनी निघेल. पण ही सगळी लेकरं दोनच बापांची, म्हणजे एकेका बापाची सगळी लेकरं एकमेकांची भावंडं नाहीतर सावत्र भावंडं.

शास्त्रज्ञ याचा हिशोब असा करतात. माद्यांची संख्या गुणिले नरांची संख्या, त्याला चारने गुणायचं आणि एकूण माशांनी भागायचं. ४० गुणिले २ म्हणजे ८०. चारने गुणले, ३२०. भागिले ४२. उत्तर साडेसात-आठ. म्हणजे केंद्रात मासे ४२ असले, तरी वंशाच्या हिशोबाने ते आठच. तेच २१ माद्या आणि २१ नर असते, तर उत्तर पूर्ण ४२ आलं असतं. खर्च तेवढाच, तळी तेवढीच. फरक फक्त वाटणीचा.

अशी भावंडं आपसात वाढली, की आपण शेळ्यांत पाहतो तेच होतं. एकच बोकड वर्षानुवर्षं गावात ठेवला की करडं खुरटी होतात, रोगाला बळी पडतात. म्हणून तर आपण बोकड बदलतो. बीज केंद्रानेही नर-माद्या पुष्कळ ठेवायच्या, सारख्या ठेवायच्या आणि अधूनमधून त्याच नदीतल्या नव्या माशांची भर घालायची असते.

समुद्राला भिंती नाहीत, तरी घराणी आहेत

तुम्ही म्हणाल, नदीचं समजलं, पण बाजारात आपण घेतो ते बोंबील, बांगडा, पापलेट तर समुद्रातले. तिथं कुठला डोंगर आणि कुठलं धरण? सगळे एकच की!

तसं नाही. समुद्रात प्रवाह आहेत, पाण्याचा गारवा-उष्णता आहे, गाळाचा आणि खडकाचा तळ आहे, अंडी घालायच्या ठरलेल्या जागा आहेत. या सगळ्यांच्या न दिसणाऱ्या भिंती होतात. बोंबील घ्या. तो सौराष्ट्र आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याला भरपूर, मग दक्षिणेत फारसा नाही आणि पुन्हा बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकाला सापडतो. आपल्याकडचा बोंबील संपला, तर बंगालचा पोहत येऊन जागा भरेल, असं धरून चालता येत नाही.

पापलेटचंही तसंच. आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट आणि चीनकडच्या समुद्रातलं पापलेट एकाच जातीचं, असं बरीच वर्षं पुस्तकांत होतं. डीएनए तपासल्यावर आपलं वेगळ्या जातीचं निघालं. म्हणजे परदेशातल्या माशाचं वाढीचं आणि विणीचं गणित आपल्या पापलेटला लावून नियम केले तर ते चुकणार. २०२३ साली महाराष्ट्राने या पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला.

म्हणून मासेमारीचा नियम करताना पहिला प्रश्न असतो तो हा, की आपण ज्याची मोजणी करतोय ते एक घराणं आहे की तीन? एकच धरलं आणि खरी तीन असली, तर त्यातलं दुबळं घराणं सगळ्यात आधी मोडतं. बाकी दोघांच्या आकड्यांत ते झाकून जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कावेरीत झालं तेच.

आणि तिसरा धोका म्हणजे कुठला मासा आपण काढून घेतो. आपण बियाण्याला सगळ्यात चांगली कणसं बाजूला ठेवतो. मासेमारीत उलटं होतं. मोठा आधी जातो, बारका सुटतो आणि बारक्याचाच वंश वाढतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर कॉड माशाचं असं झालं. १९९२ साली तिथल्या सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. त्याआधीच्या काही वर्षांत तिथला कॉड कमी वयात आणि लहान अंगाचा असतानाच अंडी घालू लागला होता. बंदी येऊन किती तरी वर्षं गेली तरी मासा पूर्वीसारखा भरून आला नाही.

आपल्याकडे १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते, ती विणीच्या हंगामासाठी. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. नियम होड्यांसाठी आहे, पण तो टिकतो की मोडतो ते टोपलीपाशी ठरतं. स्वस्त मिळतो म्हणून आपण तळहाताएवढ्या पापलेटचा वाटा उचलला, तर एकदाही अंडी न घातलेला मासा आपल्या तव्यावर आला असं समजा.

मग आपण काय करायचं

शेततळ्यासाठी किंवा गावतळ्यासाठी बीज घ्याल, तेव्हा पिशवीतली संख्या विचारण्याआधी हे विचारा. बीज कोणत्या केंद्राचं आहे? तिथं नर किती, माद्या किती? ते आईबाप कधी बदलले? जात खात्रीची आहे का, आणि पावतीवर ती लिहून देणार का? उत्तर मिळालं नाही, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मत्स्य विभागात विचारा. तेवढा फेरा पुढच्या वर्षभराच्या खाद्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो.

तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा. आपल्याकडचा पाऊस काही साधा नाही. तळं भरून वाहिलं, की आतला मासा ओढ्यात, ओढ्यातून इंद्रायणीत किंवा पवनेत. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे आहेत. तळ्यात ते आपले पोट भरणारे, नदीत ते पाहुणे. थाई मागूर तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याला सरकारने बंदी घातलेली आहे आणि तो इतर मासे खाऊन टाकतो. घरातल्या काचेच्या पेटीतले शोभेचे मासेही नदीत सोडायचे नाहीत, पुण्य म्हणूनसुद्धा नाही.

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला सगळं गाव ओढ्यावर जातं. आम्हीही लहानपणापासून गेलोय आणि त्या कालवणाची चव आम्हाला ठाऊक आहे. पण तो मासा अंडी घालायलाच वर चाललेला असतो. ओढ्याची अख्खी रुंदी जाळ्याने बंद करू नका. अर्धी वाट मोकळी सोडा. पोट फुगलेली मादी हाताला लागली, तर ती पाण्यात जाऊ द्या.

वलवणच्या केंद्राने दाखवून दिलं, की संपत आलेला मासा माणसाच्या हाताने वाढवता येतो. कावेरीने दाखवलं, की तोच मासा चुकीच्या पाण्यात पडला तर दुसऱ्याचं घर मोडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच बोटुकलीच्या आहेत.

आमच्या गटाने या पावसाळ्यात पुन्हा बीज घ्यायचं ठरवलंय. या वेळी पैसे मोजण्याआधी आम्ही प्रश्न विचारणार आहोत आणि सांडव्याची जाळी तर आत्ताच शिवून तयार आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्या ओढ्यात पूर्वी कोणते मासे होते, ते गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून वहीत लिहून ठेवा. कोणता मासा आपला आणि कोणता पाहुणा, हे पुढे कुणी तपासायला आलं, तर सगळ्यात आधी तीच वही लागेल.